मार्थाबाईंच्या प्रार्थनेतली नावं

आपल्याला न विचारता कोणी आपल्यासाठी देवाजवळ काही मागावं, याचा मला तरुणपणी फार राग येई. हा राग मी पहिल्यांदा काढला तो मार्थाबाईंवर, आणि चांगलीच तोंडघशी पडले.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी चिखलीची. ट्रेनिंग पुरं करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले आणि पहिली नेमणूक मिळाली जानेफळच्या पुढे दोन कोसांवर, नदीकाठच्या एका खेड्यात. एसटी जानेफळपर्यंत, पुढे बैलगाडी मिळाली तर नशीब. गावाच्या उंचवट्याकडच्या टोकाला टिनाच्या तीन खोल्या होत्या. पहिलीत दवाखाना, मधलीत मी, तिसरीत दवाखान्याच्या नर्सबाई. वडील मला पोचवायला आले होते. त्यांनी विचारलं, "शेजार कोणाचा?" मी म्हटलं, "सरकारी नर्सबाईंचा." नाव सांगितलं नाही. मार्था हे नाव ऐकलं असतं तर त्यांनी माझी वळकटी पुन्हा गाडीत टाकली असती.

आमच्या खोल्यांमधली भिंत आढ्यापर्यंत गेलेली नव्हती. वर हातभर फट होती. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी चुलीशी झटत होते, धुरानं डोळे भरले होते, आणि त्या फटीतून संथ, ठसठशीत आवाज आला, "आणि बापा, शेजारच्या खोलीत कुसुम आली आहे. वय लहान आहे, राग मोठा आहे, चूल पेटवता येत नाही. हिला इथलं पाणी मानवू दे."

मी फुंकणी हातात घेऊनच बाहेर पडले. त्यांचं दार उघडंच होतं. ठेंगणी, सावळी, रुंद खांद्यांची बाई पाटावर बसली होती. पांढरं पातळ, मनगटाच्या आतल्या बाजूला पुरुषी घड्याळ, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला.

"माझं नाव घ्यायला मी सांगितलं होतं का तुम्हाला?"

"नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण शेजारीण वगळून कसं चालेल? वर विचारतील ना, मधली खोली रिकामी आहे का म्हणून."

"मी माझ्या पद्धतीनं देवाला मानते."

"मग तुम्ही तुमच्या देवाजवळ माझं नाव घ्या. फिट्टंफाट."

त्या उठल्या, माझ्या दारापर्यंत आल्या आणि उंबऱ्याबाहेर थांबल्या. "चुलीचं तोंड वाऱ्याकडं केलंय तुम्ही. आत आले तर चालेल का?" मी लगेच उत्तर दिलं नाही. दोन श्वास गेले असतील. मग "या" म्हटलं. ते दोन श्वास त्यांनी मोजले की नाही कोण जाणे, मला अजून बोचतात.

मार्थाबाई जालन्याकडच्या. तिकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात शिकल्या, लग्न झालं नाही किंवा केलं नाही, आणि नोकरीच्या निमित्तानं आमच्या भागात येऊन त्यांना बारा वर्षं झाली होती. दवाखाना म्हणजे एक कपाट, एक बाक आणि मार्थाबाई. डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. उरलेले सहा दिवस ताप, विंचू, बाळंतपणं आणि भांडणात फुटलेली डोकी, सगळं त्यांच्याच हातावर. गावातल्या दहा-बारा वर्षांखालच्या बहुतेक पोरांना जगात पहिला हात लागला तो यांचा. आणि बाळंतपण उरकून त्या बाहेर पडल्या की काही घरांतून गोमूत्र शिंपडलं जाई. मला हे कळलं तेव्हा मी त्यांना तावातावानं विचारलं, तुम्हाला ठाऊक आहे का हे?

"आहे की," त्या म्हणाल्या. "म्हणून मी पिशवी भरायला जरा वेळ लावते. त्यांना भांडं शोधायला सवड मिळते."

हे म्हणताना त्या हसल्या नव्हत्या, आणि चिडल्याही नव्हत्या. नाताळाला त्या गावभर फराळ पाठवत. ज्यांना त्यांच्या हातचं चाले त्यांना करंज्या, ज्यांना चालत नसे त्यांना कोरडे शेंगदाणे आणि गुळाचा खडा. कोणाकडे काय पाठवायचं याची त्यांना कधी चूक होत नसे. मी तिथं राहायला गेले त्या वर्षी करंज्या तीन घरी गेल्या. त्यांतलं एक घर माझं होतं, आणि मी करंजी खाल्ली हे मी चिखलीला कळवलं नाही.

त्यांची प्रार्थना ही गावातली ठरलेली गोष्ट होती. दिवे लागले की दार उघडं ठेवून, कंदील बाजूला सारून त्या पाटावर बसत आणि मोठ्यानं नावं घेत. "सर्वांचं भलं कर" असली प्रार्थना त्यांना मुळीच पटत नसे. "सर्वांचं म्हणजे कोणाचंच नाही," म्हणत. "रेशनच्या दुकानात जाऊन 'सगळ्यांना साखर द्या' म्हटलं तर कोणी देईल का? नाव सांगावं लागतं." म्हणून दवाखान्यात येणाऱ्याला त्या दोन नावं विचारत. एक कागदावर लिहायचं आणि एक घरी हाक मारायचं. प्रार्थनेत दुसरं घेत. मग पांडुरंग नावाचा साठीचा म्हातारा देवाजवळ बाळ्या म्हणून जाई आणि रखमाबाई चिमी म्हणून. त्यांच्याजवळ एक शेळी होती. बारा वर्षांत तिला त्यांनी नाव दिलं नव्हतं. "नाव ठेवलं की रोज घ्यावं लागतं. आधीच यादी लांबली आहे."

या यादीचा एक कडक नियम होता. तिच्यात फक्त जिवंत माणसं असत. गावचे म्हातारे पाटील तीन महिने अंथरुणाला खिळून होते, तेव्हा त्यांचं नाव रोज पहिलं. ते गेले, आणि त्या दिवशीच्या प्रार्थनेत नाव नाही. दुसऱ्या दिवशी पाटलांची सून आली, डोळे सुजलेले.

"मामंजीचं नाव काऊन गाळलं बाई? आमचं काही चुकलं का?"

मार्थाबाईंनी तिला बाकावर बसवलं. "चुकलं नाही काही. आमच्यात गेलेल्या माणसासाठी मागत नाहीत. जिवंत आहे तोवर आपण मागायचं. गेला की तो आपल्या हातातून देवाच्या हातात. तिथं माझ्या शिफारशीची काय गरज? आता तुझं नाव घेते. तुला झोप लागत नाही ना?"

ही गोष्ट गावभर झाली, आणि तिचा एक विचित्र परिणाम झाला. कोणी फार आजारी असलं की घरचे लोक संध्याकाळी आमच्या खोल्यांच्या आसपास रेंगाळू लागले. "नाव घेतलं ना बाईनं? मंग हाय अजून." मी हसत असे. मार्थाबाईंना हे आवडत नसे, पण दार लावून प्रार्थना करणं त्यांना जमलं नाही.

आमच्या मागच्या अंगाला शेराच्या झुडपांच्या कुंपणापलीकडे किसन माळ्याचं घर. नदीच्या पात्रालगत त्याचा मळा होता, वांगी, मेथी, मुळे, उन्हाळ्यात टरबुजं. बायको गोकर्णा, मुलगी सुमी, म्हातारी आई आणि धाकटा भाऊ नामदेव. मी यायच्या आधी कधीतरी किसन विहिरीच्या धावेवरून, मोटेचे बैल चालतात त्या उतारावरून, पडला होता आणि त्याची नडगी मोडली होती. दिवस पावसाचे, गाड्या बंद, बुलढाण्याला नेणं शक्य नव्हतं. मार्थाबाईंनी बांबूच्या कामट्या बांधून पाय जोडला. जुळला, पण जरासा बाकदार, आणि हाडावर सुपारीएवढा गोळा राहिला. किसन दर वेळी भाजीची पाटी ठेवताना तो पाय पुढे करी.

"पाह्यलं का बाई, तुमच्या देवानं वाकडा जोडला."

"पाय मी जोडला आहे. देवाला मधे ओढू नकोस. आणि ही वांगी किडकी आहेत, बदलून आण."

गोकर्णा हसायची, पण त्याचं नाव तिच्या तोंडून कधी आलं नाही. आमच्याकडे बाया नवऱ्याचं नाव घेत नसत. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं म्हणत. लग्नकार्यात उखाण्यातून एकदा घेतलं की झालं. गोकर्णाचा किसन म्हणजे 'सुमीचा बाप', नाहीतर नुसतंच 'हे'. आणि हा किसन मोठा हौशी, सुमीला खांद्यावर घेऊन मळ्यात जाई आणि येताना मोठमोठ्यानं गात येई. गळा भसाडा होता.

मी गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी, पोळा होऊन गेल्यावर, एका बाजाराच्या दिवशी नदी आली. पूर आला असं म्हणायला हवं, पण आमच्याकडे 'नदी आली' असंच म्हणतात. गावात पावसाचा थेंब नव्हता. ऊन पडलं होतं. वर कुठंतरी ढग फुटला असावा. दुपारी तीनच्या सुमाराला मुलं पाढे म्हणत होती आणि नदीकडून एकसारखा घरघर आवाज आला. जानेफळच्या बाजारातून परतणारी माणसं पात्रात होती. किसन पलीकडच्या काठाला होता, दोन्ही बैल पात्रातल्या बेटावर चरत होते. तो बैल सोडायला धावला. बैल पोहून बाहेर आले. किसन आला नाही.

गावची पाच माणसं गेली. चौघं दुसऱ्या दिवशी खाली गाळात सापडली. किसन सापडला नाही. खालच्या आळीतली मातीची घरं बसली आणि तीसेक कुटुंबं शाळेत राहायला आली.

त्या आठवड्यातल्या मार्थाबाई मला सगळ्यात स्पष्ट आठवतात. सकाळी विहिरींत औषध टाकायचं, दुपारी पटकीची टोचणी, मधेच कोणाचं पोर तापलेलं. लोक एकमेकांची समजूत घालत होते, देवाची मर्जी, नशीब, मागचा जन्म. मार्थाबाईंनी यांतलं एक वाक्य उच्चारलं नाही. ज्याचं घर गेलं त्याच्याजवळ जाऊन बसत, हात हातात घेत आणि विचारत, "काय काय गेलं?" तो माणूस सांगत राही, दोन कणग्या ज्वारी, आईचं जातं, कोंबड्या. त्या ऐकत राहत. मधे तोंड घालत नसत.

संध्याकाळी प्रार्थना शाळेच्या ओसरीवर होऊ लागली. पहिल्या दिवशी चार-दोन माणसं जवळ सरकली. तिसऱ्या दिवशी ओसरी भरली. ज्यांच्या घरी शेंगदाणे जात तीही त्यात होती. मी कंदील धरून बसले होते. माझ्यासाठी कोणी मागू नये असं म्हणणारी मी, त्या दिवशी माझं नाव कधी येतं याची वाट पाहत होते, हे मान्य करते.

"बापा, ही चिमी. हिचं जातं वाहून गेलं, हिला दळायला दुसऱ्याच्या दारात जायची लाज वाटते. ती लाज घालव. हा बाळ्या. हा कालपासून बोललेला नाही. त्याला रडू येऊ दे."

एक शेतकरी पुढे आला. संकोचून म्हणाला, "बाई, माह्या बैलाचं नाव घ्यान का? ढवळ्या."

"मेला, की सापडला नाही?"

"सापडला नाही."

"मग घेते." आणि त्यांनी खरोखर ढवळ्याचं नाव घेतलं. कोणी हसलं नाही.

त्यानंतर त्या म्हणाल्या, "आणि किसन. जिथं असेल तिथं. त्याच्या पायाखाली जमीन दे."

ओसरीच्या कोपऱ्यात गोकर्णा डोकं गुडघ्यांत घालून बसली होती. तिनं डोकं वर केलं. कंदिलाच्या उजेडात मी तिचा चेहरा पाहिला आणि मला त्याच क्षणी भीती वाटली.

लोक आपापली घरं सावरून परतले, प्रार्थना पुन्हा तिसऱ्या खोलीत आली. आता गोकर्णा रोज दिवेलागणीला सुमीला घेऊन कुंपणाच्या अलीकडे येऊन बसे. नावं चालू असत. किसनचं नाव आलं की ती उठे, घरी जाई आणि मगच चूल पेटवी. तिनं बांगड्या फोडल्या नव्हत्या. कुंकू पुसलं नव्हतं. घरात कुरबुर सुरू झाली. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, दिवस करायचे, अशी रीत आहे. गोकर्णा म्हणे, "बाई नाव घेऊन राह्यल्या अजून. पुतळा नाही जाळू देणार मी."

एक दिवस नामदेव आला. वाईट माणूस नव्हता. भावाच्या मागे तो एका महिन्यात वाळला होता. उंबऱ्याशी उकिडवा बसला.

"बाई, तुमचे उपकार हायत आमच्यावर. पण नाव घेनं थांबवा. वहिनी तिकडेच कान लावून बसते. दिवस झाले नाही तं भावाचा जीव मधातच लटकून राहीन. त्याले मोकळा करू द्या आम्हाले."

"तो गेला हे तुला ठाऊक आहे का?"

"दीड महिना झाला बाई."

"ठाऊक आहे का?"

"नाही."

"मलाही नाही. जे ठाऊक नाही ते देवाला कसं सांगू?"

नामदेव उठून गेला. तो गेल्यावर मी मार्थाबाईंवर घसरले. म्हटलं, तुम्ही त्या बाईला फसवताय. रोज तिला एक दिवसाची खोटी आशा देताय, तीही आपल्या नियमासाठी.

"मी खोटं बोललेले नाही."

"तुम्हाला मनातून काय वाटतं? तो जिवंत आहे?"

त्यांनी चष्म्याच्या काडीचा दोरा आवळला. "मनातून वाटतं ते मी यादीत घालत नाही," म्हणाल्या. पण मी भिंतीच्या अलीकडे राहत होते. किसनच्या नावाआधी त्यांचा आवाज हल्ली अडखळत होता, ते मला ऐकू येत होतं.

दिवाळी झाली. नदी आटली. तीन कोसांवर खाली, पडलेल्या बाभळीच्या बुंध्यात गुराख्यांना हाडं दिसली. कपडा नाही, खूण नाही. पुरात वरच्या किती गावांची माणसं गेली होती, कोणाची म्हणून सांगणार? पोलीस पाटलानं मार्थाबाईंना बोलावणं पाठवलं, माणसाचीच आहेत ना एवढं बघायला. त्या उन्हात चालत गेल्या आणि चार वाजता परत आल्या. मी शाळेतून येत होते. त्या रांजणापाशी उभं राहून हात धूत होत्या. धुवून झाले तरी धूत होत्या.

"कुसुमताई," त्या म्हणाल्या, "तो पाय माझा आहे."

मला कळायला वेळ लागला.

"मीच जोडलेला. तसाच बाक, तसाच गोळा. हाताला लागल्याबरोबर ओळखला. पोलीस पाटील 'अनोळखी' लिहायला बसला होता. म्हटलं, थांब जरा. घरच्यांना सांगून येते."

"म्हणजे तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही?"

"नाही."

सूर्य खाली गेला होता. तासाभरानं गोकर्णा कुंपणाशी येऊन बसणार होती. मला भित्रेपणाची एक युक्ती सुचली. म्हटलं, "आज नुसतं नाव घेऊ नका. तिला आपोआप कळेल. तुमच्या तोंडून सांगायला नको."

मार्थाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी अजून ते विसरलेले नाही. "दोन महिने जिनं कान लावला तिला दाराआडून कळवू? एवढी काय मी घाबरट आहे?" मग पायरीवर बसल्या. एकदम थकलेल्या दिसल्या. "चुकलं माझं, ताई. मी समजत होते नाव वर जातंय. ते कुंपणापर्यंतच जात होतं. मला दिसत होतं, तरी घेत गेले. नियमाप्रमाणं आहे म्हणून मनाची समजूत घातली."

त्या उठल्या. मी मागोमाग गेले. किसनच्या घराच्या उंबऱ्याशी त्या थांबल्या, नेहमीसारख्या. गोकर्णा मेथी निवडत होती. सुमी तिच्याजवळ दोरी वळत बसली होती. म्हातारी आणि नामदेव मळ्यात होते.

"आत येऊ का, गोकर्णा?"

"या ना. इचारता काय?"

मार्थाबाई आत गेल्या आणि तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "गोकर्णा, सापडला."

गोकर्णाचे हात थांबले. तिनं मार्थाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्यांच्या हातांकडे. "पायावरून?"

"हो. पायावरून."

ती रडली नाही. मेथीची जुडी बाजूला ठेवली, सुमीला जवळ ओढलं. "मले वाटूनच राह्यलं होतं बाई. पह्यल्या आठवड्यातच वाटलं होतं."

मार्थाबाईंचा आवाज चिरकला. "मग मला थांबवलं का नाहीस? मी वेड्यासारखी रोज नाव घेत राहिले. तुला आशेवर ठेवलं मी."

"आशेसाठी नव्हती बसत मी." गोकर्णा सावकाश बोलत होती. "घरात कोणी नावच नाही घेत त्यायचं. सासू म्हणते माहा लेक, दीर म्हणते भाऊ, ही म्हणते बाबा. गावातल्यायनं बी सोडलं घेनं, मले वाईट वाटन म्हनून. मले तं घेताच येत नाही. दिवसभरातून एक डाव तुमच्या तोंडून ऐकू येत होतं. तेवढ्यासाठी येत होती मी."

मी दारात उभी होते. मार्थाबाईंना मी तोवर रडताना पाहिलं नव्हतं. पुराच्या आठवड्यातही नाही. त्या तोंडावर पदर धरून हुंदके देऊ लागल्या. शेवटी गोकर्णाच पुढे सरकली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागली. सांत्वन करायला गेलेल्या बाईचं सांत्वन त्या घरातल्या बाईलाच करावं लागलं. मला काय करावं ते कळेना, म्हणून मी खाली बसून राहिलेली मेथी निवडली.

अग्नी दिला, दिवस झाले, पुतळा करावा लागला नाही. गोकर्णानं बांगड्या उतरवल्या. त्या फोडू दिल्या नाहीत, स्वतःच्या हातानं काढून ठेवल्या. नदीवर सगळे विधी चालू असताना मार्थाबाई काठावर लांब, चपला हातात घेऊन उभ्या होत्या. नामदेव विधी सोडून वर आला आणि त्यांना म्हणाला, "जवळ या बाई." त्या चार पावलं पुढे आल्या.

त्या संध्याकाळी मी भिंतीला कान लावून बसले, लपवून काय उपयोग. कुंपणाशी गोकर्णा आली होती. सवयीनं आली असेल. नावं सुरू झाली. चिमी झाली, बाळ्या झाला, मी झाले. मग मार्थाबाई थांबल्या. इतका वेळ थांबल्या की मला वाटलं, संपलं.

"बापा, किसनसाठी मी काही मागत नाही. तो तुझ्याकडं आहे. पण त्याच्याबद्दल आभार मानते. तो मळ्यातून गात यायचा, त्याबद्दल आभार. किडकी वांगी बदलून आणायचा, त्याबद्दल. माझ्या वाकड्या पायावर तो इतकी वर्षं चालला आणि मला शिव्या दिल्या नाहीत, त्याबद्दल आभार."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "हे तुमच्या नियमात बसतं का?"

"आभार मानायला कोणाची परवानगी लागत नाही," त्या म्हणाल्या. पण म्हणताना इकडेतिकडे पाहिलं, जणू कोणी वरिष्ठ ऐकत असावा. त्यानंतर रोज किसनचं नाव येई, रोज नव्या कारणानं. दोन महिन्यांनी कारणं संपत आली, तेव्हा त्या गोकर्णाला हाक मारून विचारत, "अगं, तो मुळे विकताना काय ओरडायचा?" आणि ती कुंपणाशी बसूनच सांगे.

पुढल्या उन्हाळ्यात माझ्या बदलीचा हुकूम आला, वरवट बकालला. शाळा उघडल्यावर पहिला आठवडा काढायचा आणि निघायचं असं ठरलं. त्याच आठवड्यात मी मार्थाबाईंना शेवटचं पाहिलं. पुढे पत्रं आली, चार-पाच, ओळींपेक्षा नावंच जास्त असलेली. भेट झाली नाही.

शाळा उघडली त्या दिवशी त्या पोरांना देवीची लस टोचायला आल्या होत्या. माझ्या टेबलाशेजारी स्टुलावर बसल्या होत्या, बाही वर केलेली पोरं ओळीनं उभी. गोकर्णा सुमीला घेऊन आली, नाव घालायला. मी रजिस्टर उघडलं.

"मुलीचं नाव?"

"सुमन."

"वडिलांचं?"

विचारल्यावर मी जीभ चावली. मला ठाऊक नव्हतं का? पण प्रत्येकीला विचारत होते, तसंच तोंडातून गेलं. असं विचारलं की बाया शेजारणीला कोपरानं ढोसत, मग ती नाव सांगे. गोकर्णानं मार्थाबाईंकडे पाहिलं. मार्थाबाईंचं तोंड उघडलं होतं. जवळजवळ नऊ महिने ते नाव रोज त्यांच्या जिभेवर होतं. त्यांनी तोंड मिटलं. चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसल्या. मान वर केली नाही. लस टोचायची थांबली, पोरं चुळबुळायला लागली, तरी पुसत राहिल्या. नाव ठाऊक असून त्या बाईंना मी कधी गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं.

गोकर्णानं पदर सारखा केला. खिडकीकडे तोंड करून, ओठांतल्या ओठांत म्हणाली, "किसन."

मला ऐकू आलं होतं. मी टाक दौतीत बुडवला.

"जरा मोठ्यानं," मार्थाबाई चष्म्याकडे पाहतच म्हणाल्या. "लिहिणाऱ्या बाईंना ऐकू गेलं नाही."

गोकर्णानं पुन्हा नाव घेतलं. या वेळी ओसरीवर बसलेल्या बायांनीही मान वळवून पाहिलं. मी लिहिलं. मार्थाबाईंनी चष्मा नाकावर चढवला आणि सुमीचा दंड धरून म्हणाल्या, "ये, तिकडं बघ. दुखणार नाही असं नाही, पण थोडंच दुखेल."